हिरवा बाण, लाल बाण

आमच्या ह्यांनी आयुष्यात फुटबॉलला धड लाथ मारलेली नाही. एकदाच मारायला गेले, तर चेंडू जागेवर राहिला आणि बूट उडून शेजाऱ्यांच्या गॅलरीत जाऊन पडला. तरीही अख्खं हॉस्पिटल त्यांना 'मॅनेजर' म्हणतं, आणि हे नाव त्यांना फुटबॉलमुळेच पडलंय. हॉस्पिटलचे खरे मॅनेजर वरच्या मजल्यावर काचेच्या खोलीत बसतात. कोणी "मॅनेजरसाहेब कुठे भेटतील?" असं विचारलं, की दारावरचा पहारेकरी आधी विचारतो, "वरचे की खालचे?"

खालचे म्हणजे आमचे. तळघरात हॉस्पिटलची धुलाई आहे, तिथे इस्त्रीच्या रोलरवर ते मुकादम आहेत. एका बाजूने ओली चादर घालायची, दुसऱ्या बाजूने ती सरळ, कडक आणि हाताला चटका देणारी बाहेर येते. दोघंजण चादरीचे कोपरे ताणून धरतात, आणि चादर जरा तिरकी गेली रे गेली, की ह्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू. गळ्यात रुमाल, बाह्या कोपरापर्यंत, आवाज वाफेच्याही वर. मी शेजारच्याच खोलीत फाटक्या चादरी आणि उशांचे अभ्रे शिवते. मधलं दार उघडंच ठेवावं लागतं, नाहीतर उकाड्याने जीव नकोसा होतो. त्यामुळे लग्न झाल्यापासून घरी काय आणि कामावर काय, ह्यांच्या आवाजापासून माझी सुटका नाही.

ह्यांचा स्वभाव एका वाक्यात सांगता येतो: डिवचलं की पेटतात. कामाला लागले तेव्हा जुन्या मुकादमांनी सगळ्यांदेखत म्हटलं होतं, "ह्या पोराला रोलर जमायचा नाही, टॉवेलांच्या घड्या घालायला बसवा." झालं! ह्यांनी जेवणाच्या सुट्टीत उभं राहून रोलर शिकून घेतला, आणि ते मुकादम निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या स्टुलावर हेच बसले. ही किल्ली मला संसारात लवकरच सापडली. मोरी तुंबली की "अहो, जरा बघा ना" म्हणून काडीचा उपयोग नाही. "जाऊ द्या, तुम्हाला नाही जमायचं, मी माणूस बोलावते" म्हणायचं आणि बाजूला व्हायचं. चहा होईपर्यंत मोरी मोकळी.

आता ते नाव कसं पडलं ते सांगते. ओल्या फरशीवर घसरून ह्यांचा पाय मोडला आणि प्लास्टर घालून घरी बसावं लागलं. बसले कसले, आम्हाला सळो की पळो करून सोडलं. भांडी कशी लावायची, पडदा कुठल्या बाजूला सारायचा, सगळ्यावर ह्यांचं मत. शेवटी आमच्या लेकीने वैतागून जुन्या कॉम्प्युटरवर एक गेम घालून दिला.

"बाबा, ह्यात फुटबॉल खेळायचा नाही," ती म्हणाली. "खेळाडूंना बोलायचं. तुम्ही मॅनेजर."

"बोलायचं?" ह्यांचे डोळे लकाकले. "म्हणजे ओरडलेलं चालतं?"

चालत होतं. गेम असा, की आपल्याकडे एक क्लब असतो. संघ आपण निवडायचा, पण सामना पडद्यावर आपला आपण चालतो, आपण फक्त बघत बसायचं. आपल्या हातात काय, तर बोलणं. सामन्याआधी बोलायचं, मध्यंतरात बोलायचं, संपल्यावर बोलायचं. पडद्यावर वाक्यं येतात, त्यातलं एक निवडायचं: 'आज जिंकायचंच', 'तुमच्यावर कसलंही दडपण नाही', 'मी निराश झालोय'. सूरही निवडायचा, शांत की जोशात की कडक. निवडलं, की प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे एक बाण उमटतो. हिरवा वर गेला तर गडी खूश. लाल खाली गेला तर गडी खचला. आणि करडा आडवा म्हणजे ह्या कानाने ऐकलं, त्या कानाने सोडलं.

त्या बाणांनी ह्यांना वेड लावलं. इतकी वर्षं तळघरात ओरडत आले, पण ओरडल्याचं पुढे काय होतं हे कोणी कधी दाखवलं नव्हतं! इथे लगेच हिशेब समोर. कॉम्प्युटर आमच्याकडे स्वयंपाकघर आणि न्हाणीघराच्या मधल्या बोळात आहे. मी जाता-येता नाक मुरडायची. मग जाता-येता थांबायला लागले. मग एकदा माझ्याच तोंडून निघून गेलं, "अहो, त्याला कशाला झापताय, तो बिचारा कालच दुखण्यातून उठलाय!" त्या दिवसापासून बोळात दोन स्टुलं आली.

गेममध्ये पत्रकारही असतात. सामन्याच्या आदल्या दिवशी ते खोचक प्रश्न विचारतात, आणि आपण जे उत्तर देऊ ते खेळाडू वाचतात. ह्यांनी एका कोवळ्या पोराबद्दल पत्रकारांना सांगितलं, की असा खेळाडू मी जन्मात पाहिला नाही. पोरगं चढलं हरभऱ्याच्या झाडावर, पुढचे कितीतरी सामने त्याला समोरचा गोल दिसेना. उलट एक घुम्या गोलकीपर होता. कितीही गोड बोला, बाण आपला करडा. मग ह्यांनी चिडून पत्रकारांना सांगितलं, "गोलकीपरनं आता जागं व्हायला हवं." आणि काय आश्चर्य, बाण हिरवा! त्यानंतर त्या माणसाने गोलात भिंत उभी केली. हे प्लास्टरच्या पायावर उभे राहून नाचले. मीही हातात झारा घेऊन ओरडले, खोटं कशाला बोलू.

"बघितलंस?" हे म्हणाले. "गोलकीपरला चारचौघांत टोचायचं. मग बघ."

लेक म्हणाली, "बाबा, तो हट्टी स्वभावाचा आहे म्हणून. सगळे तसे नसतात. ज्याचा त्याचा स्वभाव बघावा लागतो."

पण ह्यांचा सिद्धान्त ठरून गेला होता.

आमच्या हॉस्पिटलात दरवर्षी विभागाविभागांची फुटबॉलची स्पर्धा होते. धुलाईचा संघ म्हणजे सगळ्यांचं हक्काचं गिऱ्हाईक. पहिल्याच सामन्यात हरून आम्ही संध्याकाळच्या चादरींना वेळेवर परत यायचो. त्या वर्षी संघ कोण सांभाळणार म्हणून विषय निघाला. पाय बरा होऊन हे कामावर आले होते आणि दिवसभर त्या गेमबद्दलच बोलत होते. कोणीतरी थट्टेने म्हणालं, "मग सांभाळा की, मॅनेजर!" दुसरा म्हणाला, "पडद्यावर सोपं असतं हो, खऱ्या माणसांत नाही जमायचं."

नाही जमायचं! हे शब्द ज्याच्या तोंडून निघाले त्याला काय कल्पना!

संघ म्हणजे आमचीच माणसं. रोलरवरचे, घडीच्या टेबलावरचे, चादरींची व्हॅन चालवणारा ड्रायव्हर. आणि गोलात माझा धाकटा भाऊ.

त्याला सगळे खांब्या म्हणतात, इतका उंच. आई गेल्यापासून तो आमच्याकडेच राहतो. धुलाईच्या मशीनमधून ओल्या चादरींचे पीळ ओढून काढायचं त्याचं काम, त्यामुळे पंजे असे की एकदा धरलेलं सुटत नाही. पण स्वभाव अगदी हळवा. लहानपणी वडील पाहुण्यांसमोर रागावले, की तो रडायचासुद्धा नाही. कपाटामागे जाऊन उभा राहायचा, आणि तिथून त्याला बाहेर काढताना आईच्या नाकीनऊ यायचे. ह्यांच्यावर त्याचा भारी जीव. काम त्याने ह्यांच्याच हाताखाली शिकलं. ह्यांच्यासारखाच गळ्यात रुमाल बांधायचा, ह्यांच्यासारख्याच बाह्या सारायचा, आणि हे काही म्हणाले, की घरी येऊन मला सांगायचा, "ताई, आज भाऊजी असं म्हणाले."

काय वर्ष होतं ते! पहिला सामना जिंकलो तेव्हा आमचा आमच्यावर विश्वास बसेना. दुसरा जिंकलो तेव्हा परिचारिका कॉरिडॉरमध्ये अडवून विचारायला लागल्या. हे सामन्याआधी सगळ्यांना व्हॅनशेजारी उभं करून बोलायचे, अगदी गेममधलीच वाक्यं: "तुमच्यावर कसलंही दडपण नाही." आणि बोलून झालं की गप्प उभे राहून एकेकाच्या डोक्याच्या वर बघायचे. गडी म्हणायचे, "मॅनेजर, वर काय आहे?" उपांत्य सामन्यात स्वयंपाकघरवाल्यांना हरवलं, पण रडतखडत. दोन गोल खाल्ले, त्यातला एक खांब्याच्या हातातून निसटून. तरी काय, अंतिम सामना! धुलाई अंतिम सामन्यात! मी शिलाई मशीनवर बसल्या बसल्या गाणं म्हणत होते.

आणि मग रेडिओ आला.

आमच्या हॉस्पिटलात रोग्यांसाठी एक छोटा रेडिओ चालतो. चौकशी खिडकीवरून निवृत्त झालेल्या एक बाई तो चालवतात, त्यांना आम्ही रेडिओबाई म्हणतो. गाणी लावतात, कोणाचा वाढदिवस असला तर सांगतात, आणि स्पर्धेच्या दिवसांत मुलाखती घेतात. पलंगावर पडलेले रोगी हेडफोन कानाला लावून ऐकतात, बाकी कॉरिडॉरमध्ये, कॅन्टीनमध्ये आणि आमच्या तळघरात दारावर स्पीकर आहेत. ह्यांना मुलाखतीला बोलावलं. खरे पत्रकार! हे केस विंचरून वर गेले.

"तुमच्या गोलकीपरनं दोन गोल खाल्ले," स्पीकरमधून बाईंचा आवाज आला. "त्याच्याबद्दल काय सांगाल?"

मला इथे खाली कळलं, आता हे काय बोलणार. सुई धरलेला हात तसाच राहिला.

"गोलकीपरनं आता जागं व्हायला हवं," ह्यांचा आवाज सगळ्या तळघरात घुमला. "हात लांब असून काय उपयोग, लक्षही हवं. अंतिम सामन्यात हाच खेळ केला, तर मला दुसरा विचार करावा लागेल."

खांब्या मशीनच्या गोल दारात वाकलेला होता. घडीच्या टेबलाकडून कोणीतरी फिसकन हसलं. खांब्याने हातातला पीळ ओढून काढला, ट्रॉलीत टाकला. मग गळ्यातला रुमाल सोडला, त्याला हात पुसले, आणि तो रुमाल धुवायच्या कपड्यांच्या पिशवीत टाकून दिला.

हे हात चोळत खाली आले. "काय, पेटला की नाही आपला गोलकीपर?"

ह्यांच्या स्टुलावर गोलकीपरचे हातमोजे ठेवलेले होते. खांब्या मशीनला पाठ लावून उभा होता.

"दुसरा विचार करा, भाऊजी," तो म्हणाला, आणि पुढची मशीन उघडायला गेला.

त्यानंतर आमच्या घरात जे सुरू झालं त्याला भांडण म्हणता येणार नाही. भांडण परवडलं असतं. खांब्या आधी जेवून उठायचा, कोणी काही विचारलं तर "हो", "नाही", बस. आपण व्हॅन ड्रायव्हरच्या शेजारची खोली बघतोय असं त्याने मला हळूच सांगितलं. माझ्या तोंडचं पाणी पळालं. सामन्याचं राहू दे, ह्या घरातून माझा भाऊ चालला होता!

ह्यांनाही आतून लागलं होतं, पण उपाय शोधला तोही गेममधलाच. तिथे खेळाडू रुसला तर त्याला खासगीत बोलवायची सोय असते. ह्यांनी एका संध्याकाळी खांब्याला ताटावर गाठलं. घसा साफ केला.

"तू अलीकडे सरावात चांगली मेहनत घेतोयस, हे माझ्या लक्षात आलंय," हे एका दमात म्हणाले, पाठ केल्यासारखं. आणि मग सवयीने त्याच्या डोक्याच्या वर बघत बसले.

खांब्याने घास खाली ठेवला. "मी सरावाला येतच नाही, भाऊजी. आणि वर काय बघताय?"

लेकीने तोंडावर हात दाबला. हसू येण्याची वेळ नव्हती, पण मलाही आवरेना. खांब्या ताट उचलून मोरीकडे गेला, आणि हे माझ्याकडे बघून म्हणाले, "लाल गेला, नाही?"

तिथे माझा बांध फुटला.

"अहो, लाल-हिरवं कसलं करताय! त्या पडद्यातल्या परक्या पोरांना रोज शाबासकी देता. कोणाचा वाढदिवस, कोण दुखण्यातून उठलाय, सगळं तुम्हाला पाठ. ह्या घरच्या पोराला कधी एकदा तरी म्हणालात, की तू चांगला आहेस म्हणून? तुम्ही म्हणाल ते तो घरी येऊन मला सांगायचा, साधं 'चादर सरळ धर' म्हणालात तरी! टोचल्यावर पेटायला तो म्हणजे तुम्ही आहात का? टोचलं की तुम्ही पेटता! तुम्ही! सगळ्या जगाला तुमच्यावरून मोजू नका."

हे बोळात जाऊन कॉम्प्युटरसमोर बसले, पण तो लावला नाही. काळ्या पडद्यात स्वतःचंच तोंड बघत बसले.

अंतिम सामन्याच्या दिवशी सकाळी रेडिओवर दोन्ही संघांच्या मॅनेजरांना बोलावलं होतं. समोर अँब्युलन्स चालकांचा संघ, दरवर्षीचे विजेते. त्यांचे प्रमुख आधी बोलले, मोठ्या ऐटीत. खाली तळघरात रोलर चालू होता, पण चादरी घालणाऱ्यांचे कान वर होते. खांब्या मुद्दाम सगळ्यात लांबच्या मशीनवर गेला होता, आणि मी मुद्दाम शिवण सोडून दारात येऊन उभी राहिले होते. आमच्याकडे गोलात घडीच्या टेबलावरचा एकजण उभा करायचं ठरलं होतं. तो मला सकाळपासून विचारत होता, चेंडू तोंडावर लागला तर फार दुखतं का.

"आता धुलाईचे मॅनेजर," रेडिओबाई म्हणाल्या. "गोलकीपर बदलताय असं ऐकलं. काय सांगाल?"

स्पीकर नुसता खरखरला. मला वाटलं बिघडला. मग ह्यांचा आवाज आला, पण त्यात ते मुकादमाचं काही नव्हतं.

"बाई, मला एक गेम खेळायची सवय आहे. तिथे काय बोलायचं ते लिहून येतं, मी नुसतं निवडतो. मागच्या वेळी इथे मी जे बोललो ना, ते तिथल्या एका गोलकीपरला लागू होतं. तो खरा नाही." वर कुठेतरी रोगी हसले असावेत, कारण बाई पण हसल्या. हे हसले नाहीत. "आमचा गोलकीपर खरा आहे. तो माझा मेहुणा. माझ्या शेजारी बसून जेवतो. संघ ठरवायला बसलो, की मी पहिलं त्याला धरतो, आणि मग उरलेल्यांची काळजी करत बसतो. त्याची मला काळजीच नसते. हे मी त्याला कधी सांगितलं नाही. मला वाटायचं, त्याला माहीत आहे. ते दोन गोल झाले, ते होतात. मी बोललो, ते व्हायला नको होतं. सगळ्यांसमोर बोललो, म्हणून सगळ्यांसमोर सांगतोय. आता तुम्ही गाणं लावा."

कोणी रोलर थांबवला ते मला माहीत नाही. तळघर इतकं शांत मी कधी ऐकलं नव्हतं. खांब्या मशीनच्या दाराला धरून उभा होता. त्याचे कान लाल झाले, मग मान, मग त्याने तोंड मशीनच्या आत घातलं आणि एक चादर ओढायला लागला, जी काही केल्या संपेना. मला रडूही येत होतं आणि उड्याही माराव्याशा वाटत होत्या.

हे जिन्यावरून धापा टाकत खाली आले. मला बाजूला ओढून म्हणाले, "काय झालं? तोंड कसं होतं त्याचं? मला वरून काही दिसलं नाही गं!"

"स्वतः जाऊन बघा," मी म्हटलं.

ते मशीनपर्यंत गेले आणि नुसते उभे राहिले. ह्या वेळी डोक्याच्या वर नाही, तोंडाकडे बघत. खांब्याने चादर ट्रॉलीत टाकली.

"दुपारी माझी मशीन कोण बघणार?" तो म्हणाला. "अर्धी टाकून मला मैदानावर येता येणार नाही."

"मी बघते!" मी ओरडले. मला मशीनमधलं ओ की ठो कळत नाही. शेवटी पाळीवरच्या दुसऱ्या माणसाने बघितली आणि मीही मैदानावर गेले.

मैदान हॉस्पिटलच्या मागेच, अँब्युलन्स लावायच्या जागेला लागून. खिडक्याखिडक्यांतून रोगी बघत होते, काहीजण सलाईनचा स्टँड शेजारी घेऊन. रेडिओबाई माईक घेऊन कडेला बसल्या होत्या आणि पलंगावरच्यांना सगळं सांगत होत्या. पहिल्या अर्ध्यात अँब्युलन्सवाल्यांनी आमची पळता भुई थोडी केली. एक गोल झाला, आमच्याच माणसाच्या गुडघ्याला लागून चेंडू वळला, खांब्या तरी काय करणार. माझा घसा ओरडून बसला.

मध्यंतरात सगळे व्हॅनशेजारी जमले. मी पाण्याच्या बाटल्या घेऊन गेले होते, म्हणून मला ऐकायला मिळालं. हे सगळ्यांसमोर उभे राहिले, तोंड उघडलं, आणि मिटलं. मग एकेकाकडे गेले. घडीच्या टेबलावरचा म्हातारबा बुटाची नाडी सोडत-बांधत बसला होता, त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चेंडू आला की ड्रायव्हरकडे द्यायचा. बाकी सगळं माझ्यावर." म्हातारबाचा जीव भांड्यात पडला. ड्रायव्हरकडे जाऊन म्हणाले, "ते अँब्युलन्सवाले म्हणतायत, चादरींची व्हॅन ती काय गाडी आणि तो काय ड्रायव्हर." ते कोणी म्हटलेलं नव्हतं. पण ड्रायव्हरच्या नाकपुड्या फुलल्या! शेवटी खांब्याकडे वळले.

"काही बोलू नका आता," खांब्या म्हणाला. "सकाळी बोललात तेवढं पुरे." आणि हातमोजे ओढत गोलाकडे गेला.

दुसरा अर्धा भाग मी डोळे मिटून आणि उघडून, दोन्हीकडून बघितला. ड्रायव्हरने मैदानाच्या मधून जी धाव घेतली, ती गोल करूनच थांबवली. बरोबरी! खिडक्यांमधून ताटल्या वाजायला लागल्या. मग अँब्युलन्सवाले तुटून पडले, आणि खांब्या, माझा कपाटामागे उभा राहणारा भाऊ, डावीकडे काय, उजवीकडे काय, हवेत आडवा काय! एकदा तर चेंडू गेलाच म्हणून मी डोक्याला हात लावला, आणि त्याने तो नुसत्या बोटांनी वर ढकलला. रेडिओबाईंना शब्द सुचेनात, त्या माईकमध्ये नुसत्या "अगं बाई, अगं बाई" म्हणत होत्या.

वेळ संपली, मग पेनल्टी. ह्यांनी मारायला माणसं निवडली. खांब्याने त्यांच्या दोन अडवल्या. दोन! पण आमचे? एकाने चेंडू थेट त्यांच्या गोलकीपरच्या पोटात दिला, जसा काही देणं फेडत होता. दुसऱ्याचा गोलाच्या खांबाला लागला. आणि रोलरवरच्या गड्याने असा मारला, की चेंडू कुंपणावरून जाऊन उभ्या अँब्युलन्सला लागला आणि तिचा भोंगा सुरू झाला. भोंगा वाजतोय, अँब्युलन्सवाले नाचतायत, आणि आम्ही हरलो.

हरलो तरी खिडक्यांमधल्या टाळ्या थांबेनात. रेडिओबाई माईक घेऊन तडक खांब्याकडे गेल्या. सगळे भोवती जमले. हे थोडे मागे उभे होते, खांदे पाडून.

"इतका खेळ करूनही हार," बाई म्हणाल्या. "काय सांगाल?"

खांब्याने माईककडे बघितलं. मग ह्यांच्याकडे. इतक्या लोकांसमोर तो दोन वाक्यंही बोलत नाही.

"आम्ही हरलो ते मॅनेजरमुळे," तो म्हणाला.

बाईंनी माईक त्याच्या आणखी जवळ नेला.

"पेनल्टीला माणसं निवडताना त्यांचं चित्त कुठे होतं कोण जाणे. जीभ लांब असून काय उपयोग, लक्षही हवं. पुढच्या वर्षी हाच खेळ केला, तर मला दुसरा विचार करावा लागेल."

मी ह्यांच्याकडे बघितलं. आधी काही नाही. मग पडलेले खांदे वर आले, मान ताठ झाली, डोळे असे चमकायला लागले जसे मी मोरीच्या वेळी बघते. माझा धाकटा भाऊ सगळं ओळखून होता! ह्या घरात राहून त्यालाही किल्ली सापडलेली होती.

"ऐकलंस?" हे माझा दंड धरून ओरडले. "मला म्हणाला! सगळ्यांसमोर! दुसरा विचार म्हणे! अरे उद्यापासून, उद्यापासून पेनल्टीचा सराव, रोज, काम सुटल्यावर, रोलरवाल्याला तर मी..."

"आई," लेक माझ्या कानात म्हणाली, "बाबांच्या डोक्यावर बघ." आणि मी वेड्यासारखी खरंच वर बघितलं.

खांब्या गर्दीतून वाट काढत आला. मातीने माखलेला, घामाने निथळणारा. ह्यांचं बोलणं चालूच होतं, कोण आधी मारणार, कोण नंतर. खांब्याने हात पुढे करून ह्यांच्या गळ्यातला रुमाल सोडून घेतला, त्याने तोंड पुसलं, मान पुसली, आणि तोच रुमाल स्वतःच्या गळ्यात बांधला. ह्यांच्या ते लक्षातही आलं नाही. ते पुढच्या वर्षीच्या पेनल्टीबद्दल बोलत होते, आणि खांब्या मान डोलवत ऐकत होता.